ब्रेकमास्तरांचा उजवा पाय

अपघात शाखेच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळं गाव खिडकीबाई म्हणायचं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. आवडायचंही. "लोकांना खुर्चीवरून ओळखतात, मला भोकावरून," असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि दुसऱ्याने हसायच्या आत आपणच हसून मोकळ्या व्हायच्या. खिडकी म्हणजे तरी काय, भिंतीला पाडलेला एक चौकोन, त्याला गज आणि गजांखाली हात जाईल एवढी फट. फटीच्या अलीकडे खिडकीबाई. पलीकडे ज्याचं कुणाचं काहीतरी कुठेतरी आपटलंय असा माणूस. पोलिसांनी अपघाताचा जो अहवाल लिहिलेला असतो, त्याची नक्कल या फटीतून मिळायची.

पूर्वी ती मिळवणं हा एक सोहळाच होता. अर्जात दोन रकाने असायचे. एक, "मयताशी किंवा जखमीशी नाते". दुसरा, "नक्कल कशासाठी हवी". खिडकीबाईंचा सगळा जीव या दोन रकान्यांत. घरी ना मूल ना बाळ. बोलायला एक नवरा, तोही गेलेला. मग दिवसभराच्या करमणुकीची सोय सरकारनेच केली होती म्हणायची.

एका गृहस्थांनी स्वतःच्याच पडण्याचा अहवाल मागितला. कारण लिहिलं होतं, "पत्नीस दाखविण्याकरिता".

"काय दाखवायचंय पत्नीस?" खिडकीबाईंनी चष्मा नाकावर ओढून विचारलं.

"की मी खरंच खड्ड्यात पडलो. ती म्हणते, पिऊन पडलो."

अहवालात दोन्ही होतं. पहिल्या पानावर खड्डा, दुसऱ्या पानावर तोंडाचा वास. खिडकीबाईंनी पानं चाळली, गृहस्थांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पहिलंच पान न्या. संसार टिकेल."

एक सासूबाई आल्या होत्या, सुनेने गाडी फाटकाला घासली त्याची नक्कल न्यायला. नाते, सून. कारण, "लक्षात राहावे म्हणून". खिडकीबाईंनी त्यांना नक्कल दिली, पाणी दिलं आणि पाऊण तास बसवून घेऊन त्या घरातली सगळी भांडी मोजून घेतली.

अशा सुखात चाललं होतं आणि वरून हुकूम आला. यापुढे अपघाताचा अहवाल कोणालाही मिळेल. नातं विचारायचं नाही, कारण विचारायचं नाही. अर्जातले दोन्ही रकाने उडाले. खिडकीच्या डोक्यावर तशी पाटी लावायची होती, आणि खिळा ठोकायला दुसरं कुणी उठेना म्हणून खिडकीबाईंनीच स्टुलावर चढून तो ठोकला. तोंडाने पुटपुटत होत्या, "म्हणजे आता मी नुसती नळाची तोटी. सोडली की पाणी, बंद केली की बंद."

पण मुरलेला माणूस वाट काढतोच. खिडकीबाई काही विचारीनाशा झाल्या. अर्ज घ्यायचा, शिक्का उचलायचा, शाईच्या गादीवर टेकवायचा आणि मग तो तसाच हवेत धरून ठेवायचा. बस. शिक्का हवेत लटकला की पलीकडचा माणूस अस्वस्थ होतो. आधी खोकतो. मग म्हणतो, "त्याचं काय झालं, बाई..." आणि सुरू होतो. मागे झेरॉक्सच्या मशीनवर बसणारा कारकून, ज्याला त्याच्या कामाच्या वेगावरून सगळे गोगलगाय म्हणत, तो हे बघून म्हणायचा, "बाई, तुम्ही तपास शाखेत हवा होता. चोर मार न खाता बोलले असते."

दुसऱ्यांच्या घरातलं एवढं बाहेर काढणाऱ्या या बाईंच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात, मधल्या फळीवर, एक अहवाल होता ज्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. तो त्यांच्या नवऱ्याचा.

नवरा म्हणजे ब्रेकमास्तर. गाडी शिकवायचे. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला की तो दाबायचा. मास्तरांची सगळी विद्या त्या ब्रेकवर ठेवलेल्या उजव्या पायात उतरली होती. समोर मांजर दिसायच्या आधी त्यांच्या पायाला मांजर दिसायचं. अडचण एवढीच होती की गाडीतून उतरलं तरी पाय उतरत नसे. बसमध्ये अगदी मागच्या बाकावर बसले तरी वळणावर फरशी दाबायचे. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग लागला की खुर्चीत ताठ होऊन असे काही ब्रेक मारायचे की बाईंच्या हातातला चहा हिंदकळायचा. त्यांच्या खुर्चीपुढच्या एका फरशीची चकाकी पार गेली होती. चपलांच्या जोडातली उजवी आधी झिजायची, आणि दुकानदार दरवेळी विचारायचा, "मास्तर, एकच देऊ का?" झोपेतसुद्धा सुटका नाही. "माझ्या नडगीला विचारा," खिडकीबाई शेजारणींना सांगायच्या, "रात्रीतून किती लोकांचे प्राण वाचतात ते."

मग त्याच पायाचा गुडघा बिघडला. आधी नुसता कुरकुरला, मग सुजला, मग असा झाला की मास्तर जिना कसा उतरतात हे बाईंशिवाय कुणाला दिसता कामा नये. बाईंनी हज्जार वेळा सांगितलं, मालकांच्या कानावर घाला, चार महिने घरी बसा.

"आणि पाय नसलेला मास्तर कुणाला हवाय?" मास्तर म्हणायचे. "पाय गेला तर माझं राहिलं काय? नुसतं तोंड."

"ते भरपूर आहे," बाई म्हणायच्या.

"सगळा दिवस थोडाच दाबायचा असतो. वेळ आली की एकदा. तेवढा दाबेन मी."

त्या दिवशी सकाळी बाईंनीच गुडघ्याला पट्टी बांधून दिली, ताणाची, रुंद. वरून पँटची घडी नीट केली, मागे सरकून पाहिलं आणि म्हणाल्या, "काही दिसत नाही. जा."

शिकायला आलेली मुलगी नवी होती, नुकतीच कॉलेजात जाऊ लागलेली. उतारावर गल्लीतून भाजीची हातगाडी आडवी आली. मुलगी गोंधळली. गाडी थांबली नाही. वळली, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरवर जाऊन आदळली. आदळली ती मास्तरांच्या बाजूने. मुलीला काचेचे ओरखडे आले. मास्तर दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

दवाखान्यात बाईंच्या हातात कपड्यांचं गाठोडं दिलं, त्यात ती पट्टी होती. बाईंनी ती गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. मग हवालदार आला. मयत गाडी शिकवणारा म्हटल्यावर त्याला विचारणं भागच होतं, "डोळे, हात, पाय, काही तक्रार होती का त्यांना?" शेजारी गाडीशाळेचे मालक रुमालाने तोंड पुसत उभे होते आणि पुसता पुसता बाईंकडे बघत होते. पण मालकांना कशाला दोष द्यायचा? ते नसते तरी बाई तेच बोलल्या असत्या. ज्या हातांनी पट्टी बांधली ते हात मांडीवर होते, आणि त्यांच्याकडे बघत बाई म्हणाल्या, "काहीच नाही. ठणठणीत होते."

झालं. शिक्षक ठणठणीत, गाडीचे दोन्ही ब्रेक ठणठणीत, मग उरली कोण? मालकांनी कचेरीत मास्तरांचा मोठा फोटो लावला आणि त्यांच्या नावाचा बक्षिसाचा एक पेला सुरू केला, दरवर्षी सगळ्यात चांगल्या शिकणाऱ्याला. पेला द्यायला मास्तरांचे धाकटे भाऊ जायचे. बाजाराच्या तोंडाशी किल्ल्या बनवायची टपरी होती त्यांची. साधे, तापट. पेला देऊन आले की वहिनीकडे चहाला यायचे आणि दरवेळी म्हणायचे, "ती पोरगी कुठे असेल हो वहिनी? मजेत असेल. असल्यांना काय होतंय!"

वहिनी मान हलवायच्या. त्यांनी ती मुलगी पाहिलीसुद्धा नव्हती. सुनावणीला गेल्याच नव्हत्या. पण मनात रंगवून ठेवली होती झकास. ओठ रंगवलेले, च्युइंगगम चघळणारी, एका हाताने केस सावरत दुसऱ्या हाताने गाडी चालवणारी. ती तशी असणं फार गरजेचं होतं. नाहीतर रात्री कूस बदलल्यावर दुसऱ्या बाजूला काय होतं, तर पट्टी.

अशी अकरा-बारा वर्षं गेली.

पाटी लागून थोडेच दिवस झाले होते. सकाळची गर्दी ओसरली होती, गोगलगाय मशीनचं पोट उघडून आत अडकलेला कागद चिमट्याने काढत होता, आणि फटीतून एक अर्ज आत सरकला. खिडकीबाईंनी सवयीने शिक्का उचलला. अर्जावर अहवालाचा क्रमांक पाहिला. आपल्या दारावरचा आकडा माणूस विसरेल का? शिक्का हवेतच राहिला. यावेळी मुद्दाम नव्हे.

पलीकडे तिशीची एक बाई होती. ओठ कोरडे. पर्सचा बंद एका बाजूने दोऱ्याने शिवलेला, तोही वेगळ्याच रंगाच्या. चष्म्याच्या दुकानात कामाला असावी; दुकानाच्या नावाची पट्टी छातीवर तशीच राहिली होती, काढायची विसरलेली. ती हवेतल्या शिक्क्याकडे बघत होती. आणि सगळे बोलतात तशी तीही बोलायला लागली.

"मॅडम, आता नातं लिहावं लागत नाही ना? पाटीवर वाचलं मी."

"नाही."

"पूर्वी लागायचं. मी आले होते एकदा. अर्ज सगळा भरला आणि त्या रकान्यापाशी अडले. विद्यार्थिनी लिहिलं, खोडलं. ओळखीची लिहिलं, तेही खोडलं. मयताशी नाते काय लिहायचं, मॅडम? त्यांना मारणारी?" ती ओशाळं हसली. "मागचे काका म्हणाले, बाई, पेन झालं का? मग पेन त्यांना देऊन टाकलं आणि घरी गेले. खिडकीत तेव्हा तुम्हीच असाल."

खिडकीबाईंना आठवेना. येणाऱ्याजाणाऱ्याच्या घरातली भांडी मोजणाऱ्या बाईंना ही एक आठवेना.

"वडिलांकडे होता कागद. पण ते दाखवायचे नाहीत. म्हणायचे, विसर. ते गेले यंदा. कपाट आवरलं, त्यांनी बहुतेक जाळून टाकलाय. मला फक्त बघायचंय, मी काय केलं ते. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. हातगाडी दिसली, आणि मग एकदम लोक जमलेले."

आयुष्यभर लोकांच्या पोटातलं ओढून काढलं, आणि आज न ओढता आलेलं ऐकवेना. खिडकीबाईंनी शिक्का खाली ठेवला आणि सरकारी माणसाचं सगळ्यात जुनं हत्यार काढलं.

"उद्या या. मशीन बंद आहे."

"झालं की हो, बाई!" आतून गोगलगाय ओरडला. जन्मात कधी वेळेवर काम न झालेला माणूस, त्याला आजच मुहूर्त सापडला. "निघाला कागद! आता पळतंय बघा घोड्यासारखं!"

"मी थांबते," ती बाई म्हणाली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली.

खिडकीबाई उठल्या. कपाट उघडलं. मधल्या फळीवरून अहवाल काढला, सुतळी सोडली. "द्या इकडे, मी करतो," गोगलगाय म्हणाला. "तू बस," त्या म्हणाल्या आणि स्वतः मशीनपाशी उभ्या राहिल्या. नक्कल काढायची तर पान उलटावं लागतं, आणि पान उलटायचं तर बघावं लागतं. इतकी वर्षं चुकवलेलं असं समोर आलं.

बघायला तरी काय होतं? एक कच्चा नकाशा. एक चौकोन म्हणजे गाडी, मोठा चौकोन म्हणजे टँकर, मध्ये एक बाण. मास्तर कुठेच नव्हते. "रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नाहीत." "दोन्ही बाजूंचे ब्रेक सुस्थितीत." मग त्यांचा स्वतःचा जबाब, हवालदाराच्या भाषेत, पण खाली सही त्यांची, तेव्हाची, थोडी अधिक गोल. "मयताची प्रकृती उत्तम होती. हात, पाय, दृष्टी यांची कोणतीही तक्रार नव्हती." आणि शेवटच्या पानावर शेवटची ओळ, "अपघात शिकाऊ चालकाच्या निष्काळजीपणामुळे घडला."

मशीनचा उजेड पानाखालून सरकत गेला. नकला तबकात पडल्या, गरम गरम. आता टाचणी मारायची, शिक्का मारायचा आणि फटीतून सरकवायच्या. नियमाने काम संपलं. कोणालाही मिळेल, तशी तिलाही मिळाली.

तेवढ्यात आवारात कुठलासा टेंपो मागे यायला लागला आणि त्याचा ड्रायव्हर कर्कश हॉर्न देत सुटला. खिडकीबाईंनी सहज गजांतून पाहिलं. बाकावरची बाई ताठ झाली होती. पर्स पोटाशी धरलेली, आणि तिचा उजवा पाय फरशीवर दाबला जात होता. जोरात. टाच उचललेली, बोटं चपलेत रुतलेली. टेंपो थांबला तेव्हा पाय सैल झाला. पुन्हा हॉर्न, पुन्हा पाय.

खिडकीबाई कपाटाला धरून उभ्या राहिल्या. घरातल्या त्या चकाकी गेलेल्या फरशीवर त्या अजून पाय देत नसत. आणि इथे, बाकाखाली, तोच पाय ब्रेक मारत बसला होता.

त्या नकला घेऊन खिडकीकडे गेल्या नाहीत. साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेब कानात काडी घालून डोळे मिटून बसले होते. बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गुडघा, पट्टी, पर्स, जबाब. साहेबांची काडी कानातच राहिली.

"बाई, कशाला उकरून काढताय? इतक्या वर्षांनी कुणाला काय मिळणार त्यातून?"

"बाहेर बाकावर बसलीय, तिला."

"आणि तुम्हाला काय मिळेल ते माहीत आहे? खोटा जबाब दिला म्हणून तुमच्यावरच येईल. खातं खुलासा मागेल."

"मागू दे. मीही लोकांना फार खुलासे मागितलेत."

साहेबांनी काडी काढली. आवाज मऊ झाला. "मास्तरांचा तरी विचार करा. फोटो आहे, पेला आहे. माणूस गेला, नाव चांगलं राहिलंय. तुम्ही पुरवणी जबाब दिलात की तो अहवालाला जोडावा लागेल. एकदा जोडला की उघडा झाला. उद्या तुमच्या शेजारीणबाई येतील, नक्कल मागतील, आणि तुम्हाला का म्हणून विचारता येणार नाही."

"पाटीचा खिळा मीच ठोकलाय, साहेब."

साहेबांनी कोरा कागद सरकवला. बाईंनी लिहिलं, हवालदाराच्या भाषेत नाही, आपल्याच. उजवा गुडघा पावसाळ्यापासून सुजला होता, त्यांना जोर देता येत नव्हता, हे मला माहीत होतं, त्या सकाळी पट्टी मी बांधली, आणि हवालदारांनी विचारलं तेव्हा मी लपवलं. आणि सहीच्या खाली, कुणी विचारलं नसताना, लिहिलं, "मयताशी नाते, पत्नी."

ते पान जोडून सगळी नक्कल त्यांनी फटीतून दिली नाही. दार उघडून बाहेर गेल्या. गोगलगाय सांगतो की इतक्या वर्षांत बाईंना खिडकीच्या त्या बाजूला त्याने प्रथमच पाहिलं, आणि त्या त्याला एकदम बुटक्या वाटल्या.

बाकावरच्या बाईने पानं उलटली. शेवटचं पान दोनदा वाचलं. वर बघितलं.

"तुम्ही त्यांच्या..."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

खिडकीबाईंना वाटलं होतं ती रडेल. आपणही रडू, काहीतरी मोकळं होईल. ती रडली नाही. फार हळू बोलायला लागली.

"बाबा मला सुरी द्यायचे नाहीत. भाजी चिरायलासुद्धा. प्रेमाने हं, ओरडून नाही. हातातून काढून घ्यायचे आणि म्हणायचे, राहू दे, मी करतो. घरात इस्त्रीला हात लावू द्यायचे नाहीत. भावाला मुलगा झाला, तेव्हा सगळ्यांनी घेतलं त्याला. मी खाली बसले की मगच मांडीवर ठेवायचे." तिने पान गुडघ्यावर सरळ केलं. "एवढं एक वाक्य बोलायचं होतं हो तुम्ही. एवढं एक."

"हो," खिडकीबाई म्हणाल्या.

"मग त्या दिवशी मी कोणता पाय दाबला? ब्रेकचा की दुसरा?"

"ते नाही लिहिलेलं कुठे."

"तुम्हाला माहीत आहे?"

"मला कसं माहीत असणार, बाळ? ते तुलाच."

"मला आठवत नाही," ती म्हणाली. कागद पर्समध्ये घातले, शिवलेला बंद खांद्यावर चढवला आणि गेली. आभार मानले नाहीत, ते बरंच केलं. वळूनही पाहिलं नाही. पुन्हा त्या खिडकीवर ती कधी आली नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. गोगलगायीचे हात हळू चालत असतील, जीभ नव्हे. दोनच दिवसांत बाईंच्या घराखालच्या मजल्यावरच्या काकू खिडकीवर हजर. डोक्यावर छत्री, तोंडावर निरागसपणा.

"सहजच आले होते या बाजूला. म्हटलं, एक नक्कल न्यावी. मिळते ना कुणालाही?"

"मिळते."

"कारण नाही ना सांगावं लागत?"

"नाही, काकू."

काकू तरी शिक्क्याकडे बघत थांबल्या. खिडकीबाईंनी शिक्का हवेत धरला नाही. धाडकन मारला.

मग दुधवाला आला. मग समोरच्या इमारतीतले निवृत्त गृहस्थ, जे म्हणाले की त्यांना केवळ कायदेशीर बाजूत रस आहे. खड्ड्यात पडलेला नवरा आला, तो मात्र नक्कल न मागता म्हणाला, "बाई, मीही दुसऱ्या पानावरचं सांगून टाकलं शेवटी. तिला आधीच माहीत होतं." आणि निघून गेला. खात्याकडून खुलासा मागणारं पत्र आलं. गाडीशाळेच्या मालकांनी पेला बंद केला आणि फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून एका शिकाऊ पोराबरोबर घरी पाठवला. बाईंनी तो टीव्हीच्या वर लावला. फोटो छातीपर्यंतच होता. मास्तरांचे पाय कुणी कधी काढलेच नव्हते.

या सगळ्यात धाकटे दीर आले नाहीत. चहाला नाहीत, भांडायलाही नाहीत. बाईंनी एकदा टपरीवर जाऊन पाहिलं. त्यांनी किल्ली घासायचं यंत्र इतक्या जोरात सुरू केलं की बोलणं शक्य नव्हतं.

आणि मग एके दिवशी रांगेत त्यांचं डोकं दिसलं. चार माणसांच्या मागे, बोटं काळी, हातात भरलेला अर्ज. रांग पुढे सरकत होती आणि बाई प्रत्येकाला शिक्का मारून देत होत्या. दीर फटीपाशी आले. मान वर न करता म्हणाले,

"मॅडम, एक नक्कल."

बाईंनी अर्ज घेतला. "नातं" हा शब्द जिभेच्या शेंड्यापर्यंत आला होता. किती वर्षांची सवय. त्यांनी तो गिळला, कपाटाकडे गेल्या आणि नक्कल आणून दिली.

दीर बाजूला झाले नाहीत. तिथेच, फटीसमोर उभे राहून वाचायला लागले. ओठ हलवत, बोट ओळीखाली धरून. नकाशाशी थांबले. बाण बोटाने पुसून बघितला. मग शेवटचं पान. मागे रांग चुळबुळ करायला लागली.

"वहिनी," ते कागदाकडे बघतच म्हणाले, "फार दुखायचं का हो दादाला?"

बाईंनी गज धरले. इतक्या वर्षांत मास्तरांच्या दुखण्याबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. विचारणार कसं? ठणठणीत माणसाचं काय दुखणार?

"जिना बसून उतरायचे," त्या म्हणाल्या. "लहान मूल उतरतं तसे. एकेक पायरी, ढुंगण टेकत टेकत. उजाडायच्या आधी, कुणी बघू नये म्हणून. आणि मी पुढे उभी, काकूंचं दार उघडतंय का ते बघत. एकदा उघडलं. तर म्हणाले, चप्पल शोधतोय."

दीर हसले. हसताना त्यांचा चेहरा अगदी भावासारखा झाला, आणि मग तो चेहरा वाकडा झाला. "मला सांगायचं ना. मी उचलून उतरवलं असतं."

"तुम्हाला कळू नये म्हणून तर सगळं चाललं होतं, भाऊजी. धाकट्या भावापुढे म्हणे लंगडायचं!"

"आणि मी तिकडे पेले वाटतोय." त्यांनी काळ्या बोटांनीच डोळे पुसले, गालावर शाईसारखा पट्टा उमटला. "अजून काय करायचा?"

"शेवटी शेवटी गुडघ्याशी बोलायचा तुमचा दादा. म्हणायचा, एवढा हिवाळा काढ माझ्यासाठी, मग तुला—"

"अहो बाई," मागून कुणीतरी ओरडलं, "कारण विचारायचं नाही म्हणून पाटी लावलीय ना? मग एवढ्या गप्पा कसल्या?"

"कारण नाही विचारत," खिडकीबाई म्हणाल्या. आणि डोळ्यांना पदर लावून त्यांनी पुढच्याचा अर्ज फटीतून ओढून घेतला, तरी दीर बाजूला झाले नाहीत आणि त्यांनीही त्यांना व्हा म्हटलं नाही.